टाकलेलं पान उचलता येतं का? ब्रिजच्या २०१७च्या नियमपुस्तिकेचं परीक्षण, सोलापूरच्या टेबलावरून

पुस्तिकेचं नाव ‘लॉज ऑफ डुप्लिकेट ब्रिज’, आवृत्ती २०१७ची, काढली आहे वर्ल्ड ब्रिज फेडरेशनने. सुरुवातीला व्याख्या आणि मग एकूण ९३ नियम. पैसे पडत नाहीत. फेडरेशनच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवून घ्यायची आणि नवी पेठेतल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बांधून घ्यायची. हे परीक्षण अख्ख्या पुस्तिकेचं नाही. घरच्या चौकडीत असो की क्लबात, चहा गार होईपर्यंत जो एकच वाद चालतो, त्याच्यापुरतं आहे: चुकून पडलेलं पान परत घेता येतं का?

मेंढीकोटात हा प्रश्न आवाजावर सुटतो. ब्रिजमध्ये त्याला लेखी उत्तर आहे, पण ते एका जागी नाही. ४५, ४६, ४७, ४९, ५०, ५८ आणि ६२ असे सात नियम उलटेपालटे वाचावे लागतात. वाचून झाल्यावर उत्तर असं निघतं: डिक्लेररने, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणाऱ्याने, स्वतःच्या हातातून टाकलेलं पान परत मिळत नाही. डमीतून, म्हणजे त्याच्या भिडूच्या टेबलावर उघड्या पसरलेल्या पानांतून, मागितलेलं पान कधीकधी बदलता येतं. बचाव करणाऱ्याचं, म्हणजे त्यांच्या विरोधकाचं, बेकायदा पडलेलं पान मागे घ्यावं लागतं आणि त्याची किंमत मोजावी लागते. तिघांना तीन न्याय कशासाठी, असं विचारून नवखा खेळाडू इथेच वैतागतो. पुस्तिका त्याचं कारण कुठेही सांगत नाही. कारण मात्र साधं आहे. बचाव करणाऱ्याला समोर भिडू असतो आणि दिसलेलं पान भिडूला माहिती पुरवतं. डिक्लेररचा भिडू म्हणजे डमी, तो पानं पसरून बसलेला असतो. त्याला माहिती मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखंच. एवढं ध्यानात धरलं तर अर्धे नियम पाठ न करता आठवतात.

पान खेळलं गेलं, ते कधी?

नियम ४५ या प्रश्नाचं उत्तर देतो आणि पुस्तिकेतला सगळ्यात नेमका लिहिलेला भाग हाच आहे.

बचाव करणाऱ्याचं पान, भिडूला त्याचं तोंड दिसू शकेल अशा रीतीने धरलं गेलं, की ते चालू हातावर (चार पानांच्या फेरीवर) खेळलंच पाहिजे. भिडूने खरोखर पाहिलं का, हा मुद्दा नाही. तो खिडकीबाहेर बघत होता, चष्मा पुसत होता, काही उपयोग नाही. दिसण्यासारखं होतं ना, मग खेळलं गेलं. म्हणून बचाव करताना पान ठरेपर्यंत हातातल्या पानांच्या पंख्यातच राहू द्यावं. अर्धं बाहेर काढायचं, परत आत सारायचं, दुसरं ओढायचं ही सवय असली तर ती मोडावी. पान दिसलं नाही तरी त्या चुळबुळीतून भिडूला जे कळतं, ते त्याने वापरायचं नाही, असं नियम १६ सांगतो.

डिक्लेररला बरीच सूट आहे. त्याने स्वतःच्या हातातलं पान उताणं धरून टेबलाला टेकवलं, किंवा जवळजवळ टेकवलं, किंवा खेळलं आहे असं दिसेल अशा जागी धरून ठेवलं, तरच ते खेळलं गेलं. छातीजवळ काढलेलं पान सगळ्यांना दिसलं तरी परत ठेवता येतं. नियम ४८ प्रमाणे डिक्लेररला पान दाखवल्याचा दंड नाही आणि त्याचं पान कधी पेनल्टी कार्ड (दंड म्हणून टेबलावर उताणं ठेवायचं पान) होत नाही. त्याने विरोधकांना फुकट माहिती दिली, तोच त्याचा तोटा.

पण पान टेकलं की संपलं. “नाही नाही, मला शेजारचं टाकायचं होतं” हे वाक्य टेबलावर सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि त्याला नियमांत जागा नाही. बदामची राणी आणि चौकटची राणी शेजारी लागल्या होत्या, बोट चुकलं, हे शंभर टक्के खरं असलं तरी पान तिथेच राहतं. नियम ४७ आधी पान मागे घेण्याची प्रत्येक परवानगी एकेक करून देतो आणि शेवटी दार लावतो: इथे सांगितलं आहे तेवढं सोडून, खेळलेलं पान मागे घेता येत नाही. बोट चुकलेल्या पानाला अपवाद एकाच परिस्थितीत. टाकलेलं पान बेकायदा असेल, म्हणजे रंग असून न दिलेला असेल, तर ते बदलता येतं, नव्हे, बदलावंच लागतं. चुकीचं पण कायदेशीर पान राहतं आणि बेकायदा पान बदलतं, ही गोष्ट अनेक जुन्या खेळाडूंच्याही डोक्यात उलटी बसलेली असते.

पानाचं नाव घेतलं तरी ते खेळलं गेलं. बचाव करणारा पान काढण्याआधीच “एक्का” म्हणाला, की त्या रंगाचा एक्का त्याला टाकावा लागतो.

डमीचं पान: जीभ घसरली की लक्ष उडालं

खरी मजा, आणि खरी भांडणं, नियम ४५-सी-४(बी) मध्ये आहेत. डिक्लेरर डमीतलं पान तोंडाने मागतो. मनात एक असताना तोंडातून दुसरंच निघालं, तर ते बदलता येतं. मुदत किती? डिक्लेरर स्वतःच्या हातातून किंवा डमीतून पुढचं पान खेळेपर्यंत. २००७च्या आवृत्तीत ही मुदत भिडूने पान टाकेपर्यंतच होती आणि सुधारणा विचार न करता तत्काळ व्हायला हवी, अशी अट होती. २०१७मध्ये मुदत वाढली आणि शब्द स्पष्ट झाले: जीभ घसरली असेल तर बदल, लक्ष विचलित झालं असेल किंवा विचार बदलला असेल तर बदल नाही.

हे कागदावर छान दिसतं. टेबलावर उदाहरणाशिवाय कळत नाही, आणि पुस्तिका उदाहरण देत नाही. म्हणून इथे तीन.

डमीत इस्पिकचे एक्का, राणी, तिर्री. डिक्लेरर हातातून लहान इस्पिक उतरतो, डावीकडचा लहान टाकतो, डिक्लेरर म्हणतो, “एक्का… छे, राणी म्हणायचं होतं, राणी.” त्याची सगळी आखणी राजा पकडण्यासाठी राणी लावण्याची होती, डावीकडच्याच्या लहान पानाने त्यात फरक पडला नाही आणि दुरुस्ती त्याच दमात आली. बदल मान्य.

आता डमीत किलवरचे राजा, राणी, पंजी. डिक्लेरर लहान किलवर उतरतो, डोक्यात आधीपासून पक्कं आहे की वरून राजा लावायचा. डावीकडचा एक्काच टाकतो. डिक्लेरर न बघता म्हणतो, “राजा”, आणि एक्का दिसताच, “अरे थांबा, पंजी.” हा जीभ घसरण्याचा प्रकार नाही. त्या क्षणी त्याला राजाच म्हणायचं होतं, टेबलाकडे लक्ष नव्हतं एवढंच. राजा एक्क्याखाली जातो. दहा टेबलांपैकी नऊ टेबलांवर लोक “जाऊ दे की, दिसतंय ना चुकून म्हणाला” असं म्हणून हे सोडून देतात. नियमाप्रमाणे ते चूक आहे, आणि डुप्लिकेटमध्ये, जिथे तेच वाटप सगळ्या टेबलांवर खेळलं जातं, त्या सौजन्याचा फटका त्याच दिशेला बसलेल्या बाकीच्या जोड्यांना बसतो, कारण त्यांच्या डिक्लेररला तो जादा हात कोणी भेट दिलेला नसतो.

तिसरं: डिक्लेरर “चौकट गुलाम” म्हणतो, डमी गुलाम पुढे सरकवतो, उजवीकडचा लहान पान टाकतो, मग डिक्लेररला जाणवतं की आपण चौकट म्हणालो, म्हणायचं होतं बदाम. डिक्लेररने अजून स्वतःचं पान टाकलेलं नाही, म्हणजे मुदत आहे. डायरेक्टरला, म्हणजे निकाल देणाऱ्या पंचाला, पटलं की घसरण जिभेचीच होती, तर गुलाम परत जातो, आणि उजवीकडच्याला स्वतःचं पान दंडाविना उचलून दुसरं टाकता येतं. इथे एक बारीक गोष्ट पुस्तिकेने चांगली सांभाळली आहे. उचललेल्या त्या पानाची माहिती बचाव करणाऱ्यांना वापरता येते, डिक्लेररला नाही. जीभ घसरल्याच्या निमित्ताने उजवीकडे काय आहे ते बघून घेण्याची वाट नियम १६-सी ने बंद केली आहे.

या कलमावरचा आक्षेप सरळ आहे: निर्णय मनातल्या हेतूवर ठेवला आहे आणि मन वाचायचं काम डायरेक्टरवर टाकलं आहे. मुरलेला डायरेक्टर डिक्लेररला टेबलापासून बाजूला नेतो आणि एकच प्रश्न विचारतो: “हे पान मागताना तुमचा बेत काय होता?” उत्तर पानांशी जुळलं तर बदल, अडखळलं तर नाही. चार जणांच्या घरगुती बैठकीत हे कोण करणार? नियम १० प्रमाणे खेळाडूंनी स्वतः निकाल लावायचाच नसतो. तेव्हा बसण्याआधीच एकाचं नाव ठरवावं, तो खेळत असला तरी चालेल, आणि त्याचा शब्द त्या दिवसापुरता शेवटचा मानावा. एकाहून जास्त टेबलं असतील तर आपण खेळत असलेल्या टेबलावरचा वाद त्याने शक्यतो दुसऱ्याकडे सोपवावा.

बोलीसाठी अशीच सवलत नियम २५-ए मध्ये आहे. बिडिंग बॉक्समधून (बोलीच्या चिठ्ठ्यांच्या डब्यातून) दोन चिठ्ठ्या चिकटून आल्या, एक नो ट्रंपऐवजी दोन किलवर पडलं, तर भिडूने बोली लावण्याआधी बदलता येतं. तिथेही विचार बदलल्याला माफी नाही.

“लहान”, “वरचं”, “घे”, आणि “काहीही टाक”

पान मागण्याची योग्य रीत म्हणजे रंग आणि पान दोन्ही म्हणणं: “बदाम सत्ती”. सोलापूरच्या टेबलावर हे फार वेळ टिकत नाही. पहिल्या दोन हातांनंतर “लहान”, “खालचं”, “वरचं”, “घे की” सुरू होतं, आणि टेबलावर मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी सगळं मिसळलेलं असेल तर “सण्णदु”, “चिन्नदी” आणि “छोटा” एकाच डावात ऐकू येतात. नियम ४६ ने याची सोय ठेवली आहे. तो इंग्रजी शब्दांवर अडून बसत नाही, त्या अर्थाचा कुठलाही शब्द चालतो.

“लहान” म्हणजे त्या रंगातलं सगळ्यात लहान पान. “वरचं” म्हणजे सगळ्यात मोठं. डमी चौथ्या जागी असेल तर मात्र हात जिंकण्यापुरतं सगळ्यात लहान पान असाही अर्थ घेता येतो. “घे” म्हणजे नक्की जिंकेल असं माहीत असलेलं सगळ्यात लहान पान. नुसता रंग सांगितला, “इस्पिक”, तर इस्पिकमधलं सगळ्यात लहान. नुसतं पान सांगितलं, “राणी”, आणि उतारी, म्हणजे हाताचं पहिलं पान, डमीची असेल, तर मागचा हात डमीने ज्या रंगात जिंकला त्याच रंगाची राणी, ती डमीत असेल तर. इतर वेळी त्या नावाचं जे पान कायद्याने टाकता येतं ते, आणि अशी दोन असतील तर डिक्लेररने कोणतं ते सांगायचं. डमीत नसलेलं पान मागितलं तर ते मागणंच रद्द, डिक्लेरर कुठलंही कायदेशीर पान मागू शकतो. डिक्लेररचा हेतू निर्विवादपणे वेगळा असेल तर हे सगळे अर्थ बाजूला राहतात. पण निर्विवाद हा शब्द कडक आहे, “मला वाटलं सगळ्यांना कळलं असेल” त्यात बसत नाही.

आणि मग “काहीही टाक”. डावाच्या शेवटी, सगळे हात आपलेच आहेत असं वाटल्यावर हे सर्रास म्हटलं जातं. पुस्तिका सांगते, असं म्हटलं तर डमीतून कुठलं पान पडेल ते दोघांपैकी कोणताही बचाव करणारा ठरवू शकतो. मोजायची राहिलेली शेवटची हुकमाची दुर्री विरोधकाकडे असली, तर तो नेमकं तेच पान पाडून घेईल जे त्याला कापायचं आहे. हे दोन शब्द टेबलावरून हद्दपार करावेत.

डमीने न सांगितलेलं पान सरकवलं, तर तो डिक्लेररचा दोष नव्हे. “बदाम लहान” ऐकून डमीने राणी सरकवली आणि दोन्ही बाजूंनी पुढच्या हातावर पान टाकण्याआधी कोणाच्या लक्षात आलं, तर राणी परत जाते. मधल्या काळात बचाव करणाऱ्याने टाकलेलं पान त्यालाही उचलता येतं, आणि उजवीकडच्याने पान बदललं तर डिक्लेररलाही त्या हातावरचं आपलं पान बदलता येतं. दोन्ही बाजू पुढच्या हातावर खेळून बसल्या असतील तर जे झालं ते झालं, डाव तसाच पुढे. डमीला चूक होण्याआधी रोखण्याचा हक्क आहे, पण चालू डावात डायरेक्टरला पहिली हाक त्याने मारायची नाही, आधी दुसऱ्या कोणी तरी चूक बोलून दाखवलेली असायला हवी. आणि डमीने सांगितल्याशिवाय पानांवर बोट फिरवायचं नाही. इकडचा रोग हाच आहे.

उन्हाळा, कूलर आणि चिकटलेली पानं

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, हात घामेजलेले असतात आणि कोपऱ्यातला कूलर दमट हवा मारत असतो. कागदी पत्ते अशा हवेत फुगतात आणि जोडीने बाहेर येतात. एकावेळी दोन पानं पडली तर काय, हे नियम ५८ मध्ये आहे. दोन पानं आली पण तोंड एकाचंच दिसलं, तर दिसलेलं पान खेळलं गेलं, दुसरं हातात परत, दंड नाही. दोन्ही दिसली तर खेळाडूने त्यातलं कुठलं खेळायचं ते सांगायचं. डिक्लेरर असेल तर दुसरं निमूट परत जातं. बचाव करणारा असेल तर दुसरं टेबलावर उताणं राहतं आणि पेनल्टी कार्ड होतं.

पेनल्टी कार्डांत दोन जाती आहेत आणि इथे हमखास गफलत होते. चुकून पडलेलं, ऑनरपेक्षा लहान, एकटं पान म्हणजे किरकोळ. ऑनर असेल, किंवा मुद्दाम खेळलेलं असेल, जसं पाळी नसताना केलेली उतारी किंवा रंग न देऊन नंतर सुधारलेलं पान, तर ते मोठं. एकाच बचाव करणाऱ्याची दोन पेनल्टी कार्डं एका वेळी टेबलावर असतील तर दोन्ही मोठी. ऑनर म्हणजे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी. दश्शीला चित्र नसतं म्हणून लोक तिला किरकोळ धरतात. ती मोठी आहे.

किरकोळ पान टेबलावर असलं, तर त्याच्या मालकाने त्या रंगाचं ऑनरखालचं दुसरं पान आधी खेळायचं नाही. चौकटची सत्ती उताणी पडली आहे, तर चौकटची तिर्री टाकता येत नाही, राजा टाकता येतो. भिडूवर बंधन नाही. मोठं पान पहिल्या कायदेशीर संधीला टाकावंच लागतं, मग ती उतारी असो, रंग देणं असो, की फेकणं वा कापणं. शिवाय भिडूकडे उतारी आली की डिक्लेररपुढे तीन वाटा असतात: त्याच रंगाची उतारी कर म्हणायचं, तुझ्याकडे उतारी आहे तोवर त्या रंगाची करू नकोस म्हणायचं, किंवा काहीच न म्हणता हवं ते खेळू द्यायचं. पहिल्या दोन वाटांत पेनल्टी कार्ड परत हातात जातं. तिसरीत ते टेबलावरच राहतं. डिक्लेररने वाट सांगेपर्यंत भिडूने उतारी करायची नाही. घाईने केली तर तेही पान पेनल्टीत जाऊ शकतं.

यावर उपाय कायद्याचा नाही, बाजाराचा आहे. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते घ्या, ओल्या फडक्याने पुसता येतात, कडा फुगत नाहीत. कूलरचा झोत टेबलावर नको. आणि पानं बघण्याआधी तोंड खाली ठेवून तेरा मोजा. नियम ७ ची ही सक्तीच आहे, चिकटलेली जोडी इथेच उघडी पडते.

उतारी आणि रंग न देणं

पहिली उतारी पालथी करायची, हे आता बहुतेक ठिकाणी पाळलं जातं. पण पालथं पान हवं तेव्हा बदलता येतं असा गैरसमज आहे. नाही. नियम ४१ सांगतो की काहीतरी चूक घडली असेल तर डायरेक्टरच्या सांगण्यावरूनच ते मागे घेता येतं. पालथं ठेवण्याचा फायदा वेगळा आहे. चुकीच्या खेळाडूने उतारी केली तर पान उघडं पडण्याआधीच ती थांबते आणि पेनल्टी कार्ड होत नाही. उघडी उतारी चुकीच्या जागेवरून झाली, तर डिक्लेरर ती मान्य करू शकतो, मान्य करून स्वतःच डमी होऊ शकतो, किंवा मागे घ्यायला लावून ते मोठं पेनल्टी कार्ड करू शकतो. विरोधकानेच चुकीने “तुझी उतारी” म्हटलं म्हणून खेळलेलं पान मात्र दंडाविना परत मिळतं, नियम ४७-ई प्रमाणे.

रंग असून न दिल्याचं प्रकरण मोठं आहे, इथे एवढंच. ज्याने चूक केली तो किंवा त्याचा भिडू पुढच्या हातावर पान खेळेपर्यंत ती सुधारता येते, आणि लक्षात आल्यास सुधारलीच पाहिजे. सुधारताना डिक्लेररचं पान नुसतं परत जातं, बचाव करणाऱ्याचं मोठं पेनल्टी कार्ड होतं. मुदत उलटली की हात द्यावे लागतात. चुकणाऱ्याने स्वतः तो हात जिंकला असेल तर तो आणि त्यानंतर जिंकलेल्यांपैकी एक, नाहीतर त्या हातापासून पुढे काही जिंकलं असल्यास एक. म्हणून डमीने “बदाम नाही?” असं डिक्लेररला विचारण्याची सवय ठेवावी, त्याला हक्क आहे.

मोबाईलवरचं अनडू

ऑनलाइन खेळणाऱ्यांना हे सगळं जुनाट वाटतं. अ‍ॅप बेकायदा पान पडूच देत नाही. रंग देणं चुकत नाही, पाळी चुकत नाही, पेनल्टी कार्ड नावालाही नाही. उरते फक्त बोट घसरण्याची चूक, आणि त्यासाठी अनडूचं बटण. विरोधकांनी मान्य केलं तर पान परत. स्पर्धा भरवणारा हे बटण बंदही ठेवू शकतो.

टेबलाच्या नियमांशी ताडून पाहिलं तर गंमत दिसते. नियम जिथे कडक, स्वतःच्या हातातलं चुकीचं पान, तिथे अ‍ॅप विरोधकांच्या मर्जीवर सूट देतं. नियम जिथे हक्क देतो, डमीतलं जीभ घसरून मागितलेलं पान, तिथे अ‍ॅपवर हक्क नाही, विनवणी आहे. ऑनलाइन शिकलेला खेळाडू टेबलावर आला की दोन्हीकडे चुकतो: हातातलं पान उचलायला जातो, आणि डमीतल्या हक्काच्या दुरुस्तीसाठी डायरेक्टरला बोलवायला लाजतो. अ‍ॅपवर दुसऱ्यांदा टिचकी मारल्यावरच पान जाईल अशी सेटिंग असली, तर ती चालू करावी. अनडूची गरजच फारशी पडत नाही.

पुस्तिका घ्यावी का

घ्यावी. मजकुराला पाचपैकी साडेचार, मांडणीला दोन. एक कलम तीन ठिकाणी बोट दाखवतं, तिथून आणखी दोन ठिकाणी, आणि मधे वाद घालणारे उभे असतात. भाषा वकिली इंग्रजी आहे. उदाहरणं नसल्याने ४५-सी-४(बी) सारखी कलमं नुसती वाचून कोणी अंमलात आणू शकत नाही. घरी रबर ब्रिज (एकाच टेबलावर चौघांत गुण मोजायचा प्रकार) खेळत असाल तर ही पुस्तिका तुमच्यासाठी नाही, त्याचे नियम वेगळे छापलेले आहेत.

सगळी ९३ कलमं छापू नका. व्याख्यांची पानं, नियम ७, ९, १०, १६, २५ आणि मग ४१ ते ६४ सलग, एवढं पाठपोट छापून घेतलं की खेळण्यापुरतं भागतं. ४५, ४७ आणि ५० च्या पानांना रंगीत चिकटपट्ट्या लावा. आणि क्लबात आधीपासून एखादं स्पायरल पडलेलं असेल, तर छापायला जाण्याआधी त्याचं मुखपृष्ठ बघा. त्यावर २००७ असेल, तर डमीच्या पानाची मुदत जुनीच वाचून दाखवली जात असणार. ती प्रत कपाटातून काढून टाका.